कायद्यातला शब्द : ‘रिझ्यूम’

माण म्हटले की सातारा जिल्ह्यातल्या आपल्या वाचकांना दहिवडी-म्हसवडचा माण तालुका आठवेल. आजची हकिकत त्या माणची नाही. पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात, हिंजवडीला लागून एक माण गाव आहे. जिथे शेती होत होती त्या शिवारात आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. शिवाजीनगर ते हिंजवडी या मेट्रोचा डेपोही याच गावात आहे. पूर्वी जमिनीचा भाव एकरावर बोलला जाई, आता तो गुंठ्यावर बोलला जातो.

या गावातल्या आपल्या एका कुटुंबाकडे परवा जाणे झाले. घरच्या नातवाचा डिप्लोमा पूर्ण झाला म्हणून चहाला बोलावले होते. पोरगा कॉम्प्युटरवर नोकरीसाठी आपला रेझ्युमे टाइप करत बसला होता. चहा झाल्यावर आजींनी ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. फार वर्षांपूर्वी कोणा वकिलाने टाइप करून दिलेला तो इंग्रजी कागद होता. आजोबांनी तो जपून ठेवला होता, पण घरात कुणाला तो नीट वाचता आला नव्हता. त्यात गावच्या जुन्या वतनी जमिनीबद्दल एक वाक्य होते. त्या वाक्यात ‘रिझ्यूम्ड’ हा शब्द होता आणि त्याखाली कुणीतरी शाईने रेघ ओढलेली होती.

नातू म्हणाला, “काका, हा शब्द मला माहीत आहे. रिझ्यूम म्हणजे पुन्हा सुरू. म्हणजे आमची जमीन आम्हाला पुन्हा सुरू झाली ना?”

त्याचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला आहेत. ते म्हणाले, “मला आजारपणानंतर कंपनीचं पत्र आलं होतं, त्यातही हाच शब्द होता. रिझ्यूम ड्यूटी. म्हणजे हजर व्हा. जमिनीला हजर व्हा असं कसं म्हणतील?”

आजी म्हणाल्या, “तो जमिनीचा माणूस येतो ना, तो म्हणतो, आजी, तुमची जमीन सरकारनं कवाच घेतलीय. ह्या कागदातच लिवलंय. आता जे देतोय ते घ्या आन् अंगठा द्या.”

एका घरात एका शब्दाचे तीन अर्थ झाले. कुणीही खोटे बोलत नव्हते, तो जमिनीचा माणूससुद्धा अर्धे खरेच बोलत होता. पण अर्ध्या खऱ्यावर अंगठा दिला की जमीन पुरी जाते. म्हणून आजच्या सदरात हा एकच शब्द घेऊ.

शब्दाचे मूळ

‘रिझ्यूम’ हे क्रियापद लॅटिनमधून आले आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पुन्हा घेणे’. एवढ्या एका अर्थातून दोन वाटा फुटल्या. थांबलेले काम पुन्हा हाती घेतले, ही एक वाट. दिलेली वस्तू पुन्हा ताब्यात घेतली, ही दुसरी. आपल्या मराठीत ‘हाती घेणे’ आणि ‘परत घेणे’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत म्हणून आपला घोटाळा होत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. कोणता अर्थ घ्यायचा, ते पुढे आलेला शब्द सांगतो. पुढे काम, प्रवास, सुनावणी, बोलणे असे काही असेल तर ‘पुन्हा सुरू करणे’. पुढे जमीन, भूखंड, इनाम, ताबा असे काही असेल तर ‘परत घेणे’.

नातवाचा ‘रेझ्युमे’ हाही याच घराण्यातला, पण तो फ्रेंचमधून फिरून आला. तिकडे त्याचा अर्थ थोडक्यात गोषवारा. त्याचा उच्चार वेगळा आणि तो नाम आहे. त्याला या भांडणातून बाजूला ठेवू.

कारखान्यातला ‘रिझ्यूम’

डॉक्टरांच्या दाखल्यात ‘फिट टु रिझ्यूम ड्यूटी’ असे असते. कामगार बरा झाला, आता कामावर जाऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ. पण हाच शब्द कंपनीच्या पत्रात आला तर त्यात हुकूम असतो. अमुक तारखेपर्यंत ड्यूटी रिझ्यूम करा, असे पत्र आले की पुढची ओळ न चुकता वाचावी. बहुतेक वेळा तिथे ‘न आल्यास’ काय होईल ते लिहिलेले असते. असे पत्र घेण्यास नकार देऊ नये. नकार दिला तरी ते पोचले असे धरले जाऊ शकते. तारखेच्या आत हजर व्हावे. गेटवर आत घेतले नाही तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा. ‘मी रोज गेटवर जात होतो’ हे तोंडी सांगणे कोर्टात टिकवायला जड जाते. पोचेचा कागद असला की बोलायला बळ येते.

जमिनीतला ‘रिझ्यूम’

आता जमिनीकडे वळू. माणसारख्या गावात सरकार जमीन घेते हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले आहेत. पण सरकारचे घेणे दोन तऱ्हेचे असते आणि इंग्रजीत त्यांना दोन वेगळी क्रियापदे आहेत.

पहिले ‘अक्वायर’. आपण त्याला संपादन म्हणतो. जमीन तुमची आहे, सरकारला ती सार्वजनिक कामासाठी हवी आहे, म्हणून कायद्याने ती घेतली आणि मोबदला दिला. एमआयडीसीसाठी १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली जमिनी घेतल्या जातात, ते संपादन.

दुसरे ‘रिझ्यूम’. इथे सरकारचे म्हणणे असे असते की ही जमीन मुळात आम्ही काही अटींवर दिली होती, ती आम्ही परत घेत आहोत. मराठी दप्तरात याला ‘सरकारजमा करणे’ म्हणतात. वतन-इनामाच्या बाबतीत जुना शब्द ‘खालसा करणे’. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘वतन खालसा झालं’ असेच असते, आणि तेच या इंग्रजी शब्दाचे सर्वांत नेमके मराठी आहे.

हा शब्द गरिबालाच लागतो असे समजू नका. एमआयडीसी कारखानदारांना भूखंड विकत देत नाही, साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. अटी मोडल्या, मुदतीत बांधकाम केले नाही, तर भूखंड परत घेण्याचा अधिकार ती राखून ठेवते. तिथेही क्रियापद हेच. जमीनदार स्वतः कसण्यासाठी कुळाकडून जमीन मागतो, तिथेही वकील मंडळी हाच शब्द वापरतात.

वतन खालसा झाले ते कसे

आजींच्या कागदातला ‘रिझ्यूम्ड’ आला होता १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याबाबतच्या कायद्यातून. आपल्या समाजाच्या इतिहासात या कायद्याला मोठी जागा आहे. पण त्याची भाषा आपण क्वचित वाचली.

महार वतन म्हणजे काय होते, ते नव्या पिढीला सांगायला हवे. गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करायची. सांगावे पोचवायचे, शीव राखायची, सारा तालुक्याला पोचवायचा, मेलेली जनावरे ओढायची. बदल्यात बलुते आणि हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन. काम एकाच्या नावाचे, पण राबायचे सगळ्या घराने. त्याला रात्र-दिवस नव्हता. जमीन होती, पण ती माणसाच्या गळ्यातली दोरीही होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला वतनाच्या चाकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याला होऊ द्या. त्याने इतर रयतेप्रमाणे पूर्ण सारा भरावा आणि जमीन त्याच्याकडे राहावी. चाकरी जावी, पण जमीन जाऊ नये. विरोधामुळे आणि केलेल्या फेरबदलांमुळे बाबासाहेबांना १९२९ मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले.

त्यानंतर तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९५९ पासून, १९५८ चा कायदा आपल्या भागात अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमात तीन क्रियापदे एकापाठोपाठ एक येतात. वतने ‘अबॉलिश’ केली, म्हणजे रद्द केली. वतनाशी जोडलेले हक्क आणि चाकरीची जबाबदारी ‘एक्स्टिंग्विश’ केली, म्हणजे दिवा मालवावा तशी संपवली. आणि वतनी जमीन ‘रिझ्यूम’ केली, म्हणजे खालसा केली. तिला आता इतर जमिनींसारखा सारा लागू झाला.

इथपर्यंत वाचून जो थांबतो, त्याला वाटते की जमीन गेली. जमिनीचा माणूस आजींना इथपर्यंतच वाचून दाखवत होता.

पण पाचवे कलम पुढे आहेच. त्यातले क्रियापद ‘रिग्रँट’, म्हणजे पुन्हा प्रदान करणे. खालसा केलेली जमीन, काही अपवाद सोडून, त्याच वतनदाराला परत द्यायची. त्यासाठी त्याने पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम कब्जेहक्काची किंमत म्हणून ठरल्या मुदतीत भरायची. एखाद्या तुकड्याचा आकार चार रुपये असेल तर बारा रुपये. जी जमीन प्रत्यक्ष चाकरी करणाऱ्याच्या मेहनतान्यासाठी लावून दिलेली नव्हती, तिला आकाराइतकीच रक्कम. ती भरली की तो वतनदार राहिला नाही, भोगवटादार झाला. सरकारचा चाकर होता, तो सरकारचा खातेदार झाला.

म्हणजे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये जे मागितले होते, की चाकरी जावी आणि जमीन राहावी, ते शेवटी कायद्यात आले. पण सरळ आले नाही. सरकारने एका हाताने जमीन घेतली आणि दुसऱ्या हाताने दिली. आणि त्या दोन हातांमध्ये एक पावती होती.

ज्यांनी पावती केली त्यांचे ठीक झाले. ज्यांना कळलेच नाही, जे तेव्हा मुंबईला गिरणीत होते, खडकी-देहूरोडला कामाला होते, त्यांचे काय? कायद्याचे पुढचे शब्द कडक आहेत. मुदतीत रक्कम न भरणाऱ्याचा ताबा अनधिकृत धरावा आणि त्याला जमिनीवरून काढता यावे, असे ते म्हणतात. बारा रुपयांच्या पावतीवाचून जमीन धोक्यात यावी, इतके त्या कागदाला मोल होते. आपल्या आजोबांच्या ट्रंकेत तो कागद होता की नव्हता, हे आज नातवाने शोधले पाहिजे.

परत मिळाली, पण अटीवर

रिग्रँट झालेल्या जमिनीला एक अट आहे. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतल्याशिवाय आणि सरकार ठरवील ती रक्कम, म्हणजे नजराणा, भरल्याशिवाय ती विकता येत नाही की सरस-निरस वाटणी करून तोडता येत नाही. म्हणून अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘नवीन शर्त’ असे लिहिलेले असते. काळानुसार या नियमांत बदल होत आले आहेत. आपल्या गटाला आज कोणता नियम लागू आहे, हे तहसील कार्यालयातून लेखी माहीत करून घ्यावे. चहाच्या टपरीवर मिळालेल्या माहितीवर जाऊ नये.

ही अट आपल्याला जाच वाटते. अडीनडीला जमीन विकता येत नाही, बँक लवकर कर्ज देत नाही, हे खरे. पण ज्या गावात गुंठ्याला सोन्याचा भाव आला आहे, तिथे याच अटीमुळे कित्येक घरांची जमीन अजून नावावर टिकून राहिली आहे, हेही तितकेच खरे.

फसवणूक कशी होते पाहा. सरळ खरेदीखत करता येत नाही, म्हणून कुलमुखत्यारपत्र करून घेतात, विसार पावती करून घेतात, ‘परवानगी आम्ही काढतो, तुम्ही फक्त सही करा’ म्हणतात. हातावर चार पैसे टेकवतात. पुढे परवानगीशिवाय व्यवहार झाल्याचे उघडकीला आले की शर्तभंग ठरतो. शर्तभंग झाला की सरकारला जमीन परत घेता येते. म्हणजे पुन्हा तोच शब्द, ‘रिझ्यूम’. या वेळी मात्र त्यापुढे पाचवे कलम उभे असेलच असे नाही. पैसे दुसऱ्याने खाल्ले आणि शर्तभंग तुमच्या नावावर, अशी गत होते.

शेजारच्या राज्यातला निकाल

सरकारने दिलेली जमीन सरकार परत घेते तेव्हा मोबदला द्यावा की नाही, हा प्रश्न आंध्र प्रदेशात उभा राहिला होता. तिथे भूमिहीनांना, त्यात आपल्या दलित बांधवांना, अटींवर जमिनी वाटल्या होत्या. सार्वजनिक कामासाठी लागली तर मोबदल्याशिवाय परत घेऊ, अशी अट त्यात असे. २००४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मेकला पांडू या प्रकरणात निकाल दिला. सार्वजनिक कामासाठी अशी जमीन घ्यायची असेल, तर त्या गरिबालाही पूर्ण मालकाइतकाच बाजारभावाने मोबदला द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. अटीचा भंग झाला म्हणून जमीन परत घेतली तर मात्र ही गोष्ट लागू नाही.

हा निकाल दुसऱ्या राज्याचा आहे, आपल्याकडे तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकावी. परत घेतो असे सरकार म्हणाले, तरी ‘कशासाठी परत घेता?’ हा प्रश्न विचारता येतो. सार्वजनिक कामासाठी की अट मोडली म्हणून? उत्तरावर सगळे अवलंबून असते. आणि अट मोडली नसेल तरच हा प्रश्न ताठ मानेने विचारता येतो.

घरात बसून काय करावे

आजींच्या घरी मी चार गोष्टी सांगितल्या, त्याच इथे सांगतो.

एक. आजचा सातबारा आणि आठ-अ काढा. डिजिटल सहीचा उतारा आता संगणकावर मिळतो. त्यावर वर्ग २ आहे का, इतर हक्कांत काय लिहिले आहे, ते वाचा.

दोन. १९५९ नंतरचे जुने फेरफार मागा. वतन खालसा झाल्याची नोंद आणि रिग्रँटची नोंद या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली सापडली म्हणून थांबू नका, दुसरी शोधा. अशा शर्तीच्या जमिनींची नोंद गाव नमुना १-क मध्येही असते, तोही पाहा. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. मुळशीच्या लोकांसाठी ते कार्यालय पौडला आहे. कब्जेहक्काच्या रकमेचे चलन किंवा पावती घरात सापडली तर तिच्या झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका.

तीन. वारसांची नोंद पुरी करा. मुलींची नावे गाळू नका. भावाबहिणींतली नावे अर्धवट राहिली की बाहेरचा माणूस त्याच फटीतून आत शिरतो.

चार. इंग्रजी कागदावर त्याच बैठकीत सही करू नका. ‘घरी वाचून सांगतो’ म्हणा. खरे काम करणारा माणूस आठ दिवस थांबतो. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींच्या माणसांना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतले बौद्धही त्यात येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

निघताना आजींनी विचारले, “मंग जमीन आमची हाय का न्हाय, तेवढं सांगा.” मी म्हणालो, “आजी, हा कागद अर्धाच आहे. उरलेला अर्धा सापडल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि तुम्ही अंगठा द्यायचा नाही.” त्यांना उत्तर आवडले नाही. एवढी वर्षे जपलेला कागद अर्धा निघाला, याचे वाईट वाटणारच.

नातवाने मात्र कॉम्प्युटरवरचा रेझ्युमे तसाच ठेवला आणि नकलेचा अर्ज लिहायला घेतला. सोमवारी तो पौडला जाऊन अर्जाची पोच घेऊन आला. अजून नकला मिळालेल्या नाहीत. जमिनीचा माणूस मधे दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला एकच उत्तर मिळाले, “पाचव्या कलमाचा कागद येऊ द्या, मग बोलू.” तिसऱ्यांदा तो अजून आलेला नाही.

वाचकहो, तुमच्या घरच्या ट्रंकेतही असा एखादा कागद असेल. रविवारी वंदना आटोपल्यावर तो काढा, शिकलेल्या पोराला मोठ्याने वाचायला लावा, आणि ‘रिझ्यूम्ड’पाशी थांबला तर म्हणा, पुढे वाच.

पुढच्या आठवड्याचा शब्द ‘सरेंडर’. जयभीम.